पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, मग मासा खायला काय हरकत?

तळगाळ | शनिवार, सकाळी १०:१२

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तळ्याच्या पाण्याचा रिपोर्ट आलाय, सगळं मर्यादेत आहे. आता तिथला मासा खायला हरकत नाही ना?" मी विचारलं, "रिपोर्ट पाण्याचा की माशाचा?" तिकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "पाणी चांगलं असेल तर त्यातला मासा वाईट कसा असेल?"

हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. एकदाचं इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

माझं काम तळ्यांच्या तळाचा गाळ तपासायचं. होडीतून दोरीला बांधलेली पारदर्शक नळी खाली सोडायची. ती आपल्याच वजनाने गाळात रुतते, वरचं झाकण बसतं, मग श्वास रोखून हळूहळू ओढून घ्यायची. नीट जमलं तर नळीत वर नितळ पाणी आणि खाली गाळाचा उभा खांब. त्याचा माथा सायीसारखा मऊ असतो, होडी जरा हलली तरी ढवळतो. किनाऱ्यावर आलं की खालून दट्ट्याने गाळ एकेक सेंटिमीटर वर ढकलायचा आणि स्टीलच्या पातळ पत्र्याने चकत्या कापायच्या. चकतीची कड टाकून द्यायची, कारण नळी रुतताना कडेचा गाळ वरचं खाली ओढत नेतो. थोडं खाली गेलं की रंग काळा पडतो आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. हातमोजे घातलेले असले तरी संध्याकाळपर्यंत तो बोटांना असतोच.

कुठली चकती कुठल्या सालची, हे दोन गोष्टी सांगतात. एक, आकाशातून सतत पडत राहणारं किरणोत्सारी शिसं-२१०. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षं मागे मोजत जाता येतं. दुसरं सीझियम-१३७, अणुचाचण्यांची खूण. ते ज्या चकतीत सगळ्यात जास्त, ती १९६३ च्या आसपासची.

आता त्याच चकत्यांत पीसीबी शोधा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरायचं ते क्लोरीनवालं रसायन. १९२९ च्या आधीच्या गाळात काही नाही, कारण त्याचं कारखान्यातलं उत्पादनच त्या साली सुरू झालं. मग आकडा चढत जातो. औद्योगिक भागांतल्या तळ्यांत तो साधारण साठ-सत्तरच्या दशकात माथ्यावर पोचतो आणि मग उतरतो. डीडीटीचंही थोड्याफार फरकाने तेच. आणि वरच्या नितळ पाण्याच्या रिपोर्टात? बहुतेक वेळा 'आढळले नाही'.

कारण या रसायनांचं पाण्याशी जमतच नाही. पाण्यात पडली की ती पहिली मिळेल ती चरबी नाहीतर कुजका पालापाचोळा पकडतात. पालापाचोळा तळाशी बसतो, तो गाळ झाला. चरबी जिवंत प्राण्यांत असते, ती पुढे कुणीतरी खातं. आणि ही रसायनं मोडत नाहीत. पाणी म्हणजे त्यांच्या प्रवासातला फक्त जिना.

ऑन्टारिओ सरोवरातले पीसीबीचे आकडे बघा, जुने आहेत पण समजायला याहून चांगले नाहीत. वनस्पतीप्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत, ०.०२५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). त्यांना खाणाऱ्या प्राणीप्लवकांत ०.१२३. स्मेल्ट नावाच्या छोट्या माशात १.०४. त्याला खाणाऱ्या लेक ट्राउटमध्ये ४.८३. आणि मासे खाणाऱ्या हेरिंग गल पक्ष्याच्या अंड्यात १२४. पाण्यापासून अंड्यापर्यंतची वाढ २.५ कोटी पट धरतात.

त्याहून जुनं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचं. तिथे चावणारेसुद्धा नव्हेत, नुसते त्रास देणारे चिलटांसारखे कीटक होते. ते घालवायला १९४९ मध्ये डीडीटीचा सख्खा भाऊ डीडीडी तळ्यात टाकला, मग १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा. नंतरच्या वेळी मात्रा ५ कोटी भाग पाण्यात १ भाग, म्हणजे ०.०२ पीपीएम. मोजूनमापून, काळजी घेऊन. १९५४ नंतरच्या हिवाळ्यात वेस्टर्न ग्रीब पक्षी मरून पडू लागले. पुढे त्यांची चरबी तपासली तेव्हा आकडा निघाला १६०० पीपीएम. घरटी करणाऱ्या हजारभर जोड्या होत्या, त्या ३० वर आल्या.

तर पाण्याचा रिपोर्ट पाणी पिणाऱ्यासाठी असतो. मासा खाणाऱ्याने माशाचा रिपोर्ट मागायचा. विचारा काय विचारायचं ते, येत असेल तेवढं सांगेन.

चकवा | शनिवार, सकाळी १०:४०

पहिला! वाचतोय. अशा धाग्यांसाठीच इथे येतो.

खुसपटराव | शनिवार, सकाळी ११:०५

लेख छान, पण सवयीप्रमाणे एक खुसपट. पाण्यात 'आढळले नाही' आणि माशात आढळलं, हे गणित कसं बसतं? शून्याला २.५ कोटींनी गुणलं तरी शून्यच येतं ना?

तळगाळ | शनिवार, दुपारी १२:२०

खुसपटराव, 'आढळले नाही' म्हणजे 'नाही' नव्हे. आमच्या यंत्राला एक लिटर पाण्यात दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाण्यातलं पीसीबी खरोखर मोजायचं तर एका खास राळेतून शेकडो लिटर पाणी सोडावं लागतं. तेव्हा कुठे राळेत मोजण्याइतकं जमतं.

मासा जन्मभर तेच करत असतो. कल्ल्यांतून पाणी घेतो आणि सोडतो, रसायन आत राहतं. पण मोठा वाटा येतो खाण्यातून. एक ट्राउट आयुष्यभरात किती स्मेल्ट खातो, आणि एक स्मेल्ट किती प्लवक? खाल्लेलं पचतं, जळतं, विष्ठेतून जातं. पीसीबी जळत नाही, ते मागे राहतं. म्हणून मोठा, म्हातारा, दुसऱ्यांना खाणारा मासा हा तळ्याचा खरा रिपोर्ट.

बेंझीनकडी | शनिवार, दुपारी १:१५

धागा आवडला. पीसीबी माशात आहे हे कळलं कसं, याची गोष्ट इथे हवीच.

साठच्या दशकात सोरेन जेन्सन हे स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ डीडीटी शोधत होते. वन्यप्राण्यांचे नमुने यंत्रात घातले की आलेखावर डीडीटीची पीकं (टोकदार उंचवटे) दिसायची, पण शेजारी आणखी अनोळखी पीकं यायची. पुन्हा पुन्हा, तीच. कुणीही म्हणालं असतं की डीडीटीचेच तुकडे असतील. त्यांनी संग्रहालयातून समुद्रगरुडाची जुनी पिसं मागवली. १९४४ सालच्या पिसातही तीच पीकं! तेव्हा तिथे डीडीटीचा सर्रास वापर सुरू झालेलाच नव्हता, म्हणजे हे दुसरंच काहीतरी. शेवटी लक्षात आलं की ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी आहे. १९६६ मध्ये हे जाहीर झालं. पाइक माशात सापडलं, गरुडात सापडलं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातल्यांच्या केसांतही.

म्हणजे उत्पादन सुरू होऊन ३७ वर्षं झाल्यावर कळलं की ते पसरलंय. तेही दुसरंच काही शोधताना.

चकवा | शनिवार, दुपारी १:२२

'शेजारी आणखी अनोळखी पीकं यायची' वाचून क्षणभर वाटलं आंतरपिकाबद्दल चाललंय. खरीप की रब्बी? (हलकेच घ्या.)

बेंझीनकडी | शनिवार, दुपारी १:३०

बारमाही आहे हो. हीच तर तक्रार आहे. :)

आणि ताई, तुमच्या लेखात एक वाक्य खटकलं. 'ही रसायनं मोडत नाहीत' हे सरसकट बरोबर नाही. ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही जिवाणू पीसीबीवरचे क्लोरीन एकेक करून काढतात. तुमच्या त्या काळ्या, वास मारणाऱ्या थरातच हे चालतं.

तळगाळ | शनिवार, दुपारी ३:०५

बरोबर पकडलंत. लिहिण्याच्या भरात गेलं ते वाक्य. 'फार सावकाश आणि अर्धवट मोडतात' असं वाचावं.

पीसीबी हे एक रसायन नसून २०९ भावंडांचं कुटुंब आहे. कार्बनच्या दोन कड्या, त्यांवर क्लोरीन किती आणि कुठे बसलेत यावर प्रत्येकाचा स्वभाव ठरतो. जिवाणू बहुधा टोकाचे आणि त्यांच्या शेजारचे क्लोरीन काढतात, कड्यांच्या सांध्याजवळचे तसेच राहतात. डायॉक्सिनसारखा विषारीपणा टोकाच्या क्लोरीनांवर अवलंबून असल्याने तो कमी होतो, हा फायदाच. पण कड्या तशाच शिल्लक राहतात. आणि क्लोरीन कमी झालेली भावंडं पाण्यात जरा जास्त विरघळतात, हवेत जरा जास्त उडतात. म्हणजे गाळातून सुटून हिंडायला मोकळी. त्यामुळे जिवाणूंवर सोपवून निवांत बसता येत नाही.

गळवाला | शनिवार, संध्याकाळी ६:४८

ताई, मी गळ टाकून तासन्‌तास बसणारा माणूस. कड्या-बिड्या माझ्या डोक्यावरून गेल्या. मला एवढंच सांगा, मोठा मासा लागला की आम्ही फोटो काढतो आणि घरी नेतो, छोटा सोडून देतो. म्हणजे आम्ही नेमकं उलटं करतोय का? आणि कातडी काढून, पोटाकडची चरबी काढून टाकली तर चालतं असं एक जण म्हणाला, ते खरं का?

तळगाळ | शनिवार, रात्री ९:३०

उलटंच करताय, पण सगळे तेच करतात. फोटोत छोटा मासा कोण धरणार.

चरबीचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुठला अर्धा, ते समजून घ्या, कारण माशात तीन वेगळ्या जागी तीन वेगळी पाहुणेमंडळी राहतात.

पीसीबी, डीडीटी, डायॉक्सिन, टॉक्साफीन हे चरबीत. कातडीखालचा थर, पाठीवरची चरबीची रेघ, पोटाकडचा भाग आणि बाजूने जाणारी गडद मांसाची पट्टी हे सगळं काढलं, आणि शिजवताना सुटलेलं तेल टाकून दिलं, तर बराच भाग जातो. सगळा नाही. यकृत तर खाऊच नये.

पारा, म्हणजे मिथाइलपारा, मांसात असतो. स्नायूंच्या प्रथिनांना घट्ट चिकटलेला. कातडी काढा, चरबी काढा, कसंही शिजवा, तो तिथेच. उलट शिजवताना पाणी उडून गेलं की दर ग्रॅममागे आकडा वाढतोच.

तिसरं पीफास, 'न मोडणारी रसायनं' म्हणून हल्ली बातम्यांत असतात ती. तीही चरबीत जात नाहीत, रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरतात, आणि मांसातही असतात. चरबी काढून काही होत नाही.

म्हणून चरबी काढली की सुटलो असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, कशापासून?

छोटा, तरुण मासा, दुसऱ्यांना न खाणारा आणि तळ न उकरणारा, त्यातल्या त्यात बरा. तळ उकरणारे मासे शिकारी नसले तरी गाळातले किडे खातात आणि सोबत गाळही.

खुसपटराव | रविवार, सकाळी ८:५५

पुन्हा खुसपट. अमेरिकेत डीडीटी १९७२ ला बंद, पीसीबी १९७९ ला बंद. अशा टिकून राहणाऱ्या रसायनांवरचा २००१ चा स्टॉकहोम करार झाला. अर्धं शतक होत आलं की! तुमच्याच गाळात आकडे उतरताना दिसतायत. मग आता ही ओरड कशाला? आणि उदाहरणं सगळी कुप्रसिद्ध तळ्यांची. बाकीच्या साध्यासुध्या तळ्यांचं काय?

तळगाळ | रविवार, सकाळी ११:४०

खुसपटराव, तुमचं पहिलं म्हणणं मी मान्य करते, आणि आनंदाने. बंदी कामी आली. अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांतल्या ट्राउटमध्ये पीसीबी झपाट्याने उतरलं. पण नंतर उतार मंदावला.

एक कारण गाळच. तळातले किडे वरखाली करतात, वादळं ढवळतात, पुरलेलं पुन्हा वर येतं. दुसरं कारण पाणी बदलायला लागणारा वेळ. ईरी सरोवराचं पाणी साधारण २.६ वर्षांत बदलतं, सुपीरियरला १९१ वर्षं लागतात. आज तिथे जे पडलं त्याचा काही भाग आपल्या पणतवंडांच्या वेळीही तिथेच असेल.

तिसरं कारण आकाश, आणि इथे मला खरोखर गंमत वाटते. सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर सिस्किविट नावाचं तळं. तळ्यातल्या बेटावरचं तळं! रस्ता नाही, शेती नाही, कारखाना नाही. सुपीरियरच्या पातळीपेक्षा उंचावर, म्हणजे सुपीरियरचं पाणी चढून यायचाही प्रश्न नाही. तरी तिथल्या माशांत पीसीबी आणि टॉक्साफीन दोन्ही सापडलं. टॉक्साफीन हे मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर फवारायचं औषध. उन्हात उडायचं, वाऱ्याबरोबर उत्तरेला जायचं, थंडीत खाली उतरायचं. म्हणून 'बंदी कुठे घातली' याला फार अर्थ नाही.

याहून पुढचं उदाहरण कॅनडातल्या युकॉनमधल्या लबार्ज सरोवराचं. १९९१ मध्ये तिथे लोकांना सांगावं लागलं की बर्बट माशाचं यकृत खाऊ नका, ट्राउट कमी खा. कारण टॉक्साफीन. आसपासच्या तळ्यांत इतकं नाही, मग इथेच का? कुणीतरी गुपचूप ओतलं असेल असाच पहिला संशय. १९९५ मध्ये उत्तर आलं. आकाशातून पडणारं टॉक्साफीन सगळीकडे सारखंच होतं, लबार्जमधली अन्नसाखळी मात्र लांब होती. तिथला ट्राउट एक पायरी वर बसला होता. हे शास्त्रज्ञांनी नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) ओळखलं. खाणाऱ्याच्या अंगात खाल्लेल्यापेक्षा जड नायट्रोजन थोडा जास्त असतो, दर पायरीला हजारात साधारण ३.४ ने वाढतो. कोण कुणाला खातं हे पोट न फाडता कळतं!

'आकडे उतरतायत' म्हणालात, त्यावर स्वित्झर्लंडच्या आल्प्समधला ओबरआर जलाशय. हिमनदीच्या पायथ्याशी १९५३ मध्ये बांधलेला. त्याच्या गाळात साठ-सत्तरच्या दशकात चढ, मग उतार, अगदी तुम्ही म्हणता तसं. आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चढ. नवीन कुणी काही टाकलं नव्हतं. तेव्हा बर्फात गोठलेलं आता हिमनदी वितळताना परत येतंय.

साध्यासुध्या तळ्यांबद्दल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००० ते २००३ मध्ये ५०० तळी निवडली, आणि मुद्दाम सोडत काढल्यासारखी निवडली, कुप्रसिद्ध म्हणून नाही. महासरोवरं त्यातून वगळली होती. २६८ रसायनं तपासली. पारा आणि पीसीबी प्रत्येक नमुन्यात निघालं. प्रत्येक. त्यातलं सगळं धोकादायक नव्हतं. पाऱ्याची ३०० पीपीबीची (अब्ज भागांत ३०० भाग) रेषा ४९ टक्के तळ्यांत ओलांडली गेली, पीसीबीची १२ पीपीबीची १७ टक्के तळ्यांत. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त तळी पाऱ्याच्या बाबतीत रेषेखाली होती, हेही सांगायला हवं.

खुसपटराव | रविवार, दुपारी १२:०२

सिस्किविटसाठी खुसपट मागे. नव्वदचा चढ माहीत नव्हता.

टिबुकली | रविवार, दुपारी ४:१०

क्लिअर लेकचे ग्रीब वाचून राहवलं नाही (आयडी बघा माझा, टिबुकली म्हणजे छोटा ग्रीबच). पक्ष्यांची अजून एक गोष्ट, आणि ती चांगल्या हेतूची आहे म्हणून जास्त लागते.

फ्लोरिडात अपोपका नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या उत्तर काठाला दलदल उपसून शेतं केली होती, तिथे वर्षानुवर्षं कीटकनाशकं मारली. तळं बिघडलं, म्हणून सरकारने शेतं विकत घेतली आणि पुन्हा पाणी सोडून दलदल करायची ठरवली. १९९८ मध्ये शेतांत पाणी आलं. पाण्याबरोबर मासे आले, माशांमागे पेलिकन, करकोचे, बगळे. पक्षीनिरीक्षक खूश! १९९८-९९ च्या त्या हिवाळ्यात शेकड्यांनी पक्षी मेले. मातीतलं टॉक्साफीन, डिल्ड्रिन आणि डीडीटीचे अवशेष माशांत शिरले होते आणि माशांतून पक्ष्यांत.

माती आधी तपासली नव्हती असं नाही. पण मातीत इतकं आहे तर माशात किती जाईल आणि पक्ष्यात किती, या हिशोबात चूक झाली. पुढे प्रचंड नांगर लावून वरची माती खाली आणि खालची वर केली, मग सावकाश पाणी सोडलं.

काँक्रीट | रविवार, संध्याकाळी ७:३०

मी स्थापत्यवाला, त्यामुळे सरळ विचारतो. गाळात आहे ना? मग गाळ काढून टाका. इतकं लिहिण्यापेक्षा एक ड्रेजर लावा.

तळगाळ | रविवार, रात्री १०:१५

लावतात की. स्वीडनमध्ये यार्नशेन नावाच्या छोट्या तळ्यात वरच्या अंगाच्या कागद गिरणीमुळे साधारण ४०० किलो पीसीबी साठलं होतं. १९९३-९४ मध्ये तिथला गाळ उपसला. माशांतलं पीसीबी कमी झालं, शून्य नाही झालं.

उपसायच्या अडचणी तुम्हालाच जास्त माहीत. सगळ्यात वरचा सायीसारखा थर उपसताना पाण्यात मिसळतो, त्यामुळे काम चालू असताना माशांतला आकडा काही काळ वाढतो. उपसलेला गाळ ठेवायचा कुठे, हा दुसरा प्रश्न. आणि कितीही नीट उपसा, तळाला थोडा राहतोच.

म्हणून पर्याय म्हणजे त्यावर स्वच्छ वाळूचं पांघरूण घालणं, किंवा सक्रिय कोळसा मिसळणं, म्हणजे रसायन किड्यांच्या अंगात जायच्या आधी कोळशात अडकतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोंडागा सरोवरात दोन्ही केलं, २०१२ ते २०१४ उपसा आणि सोबत पांघरूण.

त्याच तळ्यात तिसरीही युक्ती केली, जी मला सगळ्यात आवडते. तिथला मोठा शत्रू पारा. साधा पारा माशात फारसा चढत नाही. गाळातले काही जिवाणू ऑक्सिजन संपला की सल्फेटवर जगतात, आणि ते करताना पाऱ्याचा मिथाइलपारा करतात. तो चढतो. पण या जिवाणूंचा नंबर लागतो ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही संपल्यावर. म्हणून २०११ पासून उन्हाळ्यात त्या सरोवराच्या तळाशी मोजून नायट्रेट सोडतात. नायट्रेट आहे तोवर सल्फेटवाल्यांची पाळी येत नाही. जे एरवी प्रदूषण म्हणून गणलं जातं तेच इथे औषध!

काँक्रीट | रविवार, रात्री १०:४०

हे भारी आहे. ड्रेजर मागे घेतो, अर्धा.

गळवाला | सोमवार, सकाळी ७:१०

रात्रभर विचार करत होतो. इतकं सगळं वाचल्यावर वाटतं, काही करून उपयोग नाही. हिमनदीतून येतंय, आकाशातून येतंय. मग गळ मोडून टाकू का?

तळगाळ | सोमवार, दुपारी १:२५

अहो नका मोडू. पाऱ्याबद्दल एक प्रयोग सांगते, तो ऐकून मलाच हुरूप आला होता.

कॅनडात प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांतल्या ६५८ क्रमांकाच्या तळ्यात आणि आसपासच्या जमिनीवर शास्त्रज्ञांनी सात वर्षं मुद्दाम पारा टाकला. साधा नाही, ओळखू येईल असा, वेगळ्या समस्थानिकाचा. तळ्यातला वेगळा, जमिनीवरचा वेगळा. म्हणजे माशात सापडलेला पारा कुठून आला हे बोट दाखवून सांगता येतं. मग टाकणं बंद केलं आणि आणखी आठ वर्षं बघत बसले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला. तळ्यात थेट टाकलेला पारा छोट्या माशांतून झपाट्याने गेला, आणि पाइकसारख्या शिकारी माशांतही साधारण तीन चतुर्थांशाने उतरला. गाळात खूप पारा शिल्लक होता, तरी मासे सुधारले. म्हणजे वरून नवीन पडणं थांबवलं तर काही वर्षांत फरक दिसतो. पाऱ्याचं हे असं आहे, पीसीबीचं इतकं चटकन होत नाही. पण काही होतच नाही असं नाही.

बेंझीनकडी | सोमवार, दुपारी ३:५०

पीफासचा एक हिशोब मी मांडते, कारण त्याचे आकडे वाचून लोक एक तर हसतात नाहीतर घाबरतात.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये चार पीफास मिळून आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम ही मर्यादा सांगितली. ७० किलोचा माणूस धरला तर आठवड्याला ३०८ नॅनोग्रॅम. माशात दर ग्रॅमला १ नॅनोग्रॅम असेल, तर ३०८ ग्रॅम माशात आठवड्याचा कोटा संपला, आणि तोही बाकी कशातूनच पोटात जात नाही असं धरून. गर्भवतींना आणि पुढे मूल व्हावं अशी इच्छा असणाऱ्यांना वेगळा सल्ला असतो तो याचसाठी. आईच्या अंगात साठलेलं बाळाकडे जातं, गर्भातही आणि दुधातूनही.

टिबुकली | सोमवार, संध्याकाळी ५:०५

३०८ ग्रॅमचा मासा म्हणजे माझ्या करकोच्याची न्याहारी.

गळवाला | सोमवार, रात्री ८:२०

बरं, गळ ठेवतो. ताई, एक शेवटचं. आमच्या गटाने ठरवलंय की वर्गणी काढून एकदा मासा तपासून घ्यायचा. प्रयोगशाळेचं नंतर बघू, पण मासा न्यायचा कसा? प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून चालेल?

तळगाळ | सोमवार, रात्री ९:५५

वा! आधी एक ठरवा, काय शोधायचंय, कारण दोन्हींचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

पीसीबी आणि डीडीटीसाठी मासा प्लास्टिकला लागू द्यायचा नाही. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा, मग बाहेरून पिशवी, मग बर्फ. फॉइल आधी द्रावकाने धुऊन भट्टीत भाजलेली लागते, ती प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. पीफाससाठी काच नको, टेफ्लॉन नको, बऱ्याच ठिकाणी फॉइलही नको म्हणतात. साधी पॉलिथिलीनची स्वच्छ पिशवी किंवा डबा. आणि त्या दिवशी पाणी न शिरणारं जॅकेट घरी ठेवा, त्याच्या लेपातच पीफास असू शकतं. आमच्याकडे एकदा अख्ख्या दिवसाचे नमुने फेकावे लागले. कोऱ्या नमुन्यातच, म्हणजे ज्यात काहीच निघायला नको त्यातच, पीफास निघालं आणि कारण शेवटपर्यंत कुणाच्या तरी जॅकेटवर ढकलून मोकळे झालो.

एक मासा नको. एकाच जातीचे, साधारण एकाच लांबीचे पाच घ्या, ते एकत्र वाटून एक नमुना होतो. एक जात शिकारी, एक जात तळ उकरणारी, असे दोन नमुने झाले तर उत्तम. प्रत्येकाची लांबी आणि वजन लिहून ठेवा. आणि रिपोर्टात आकडा ओल्या वजनावर आहे की चरबीच्या वजनावर, हे विचारून घ्या, नाहीतर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून भांडत बसाल.

गळवाला | सोमवार, रात्री १०:०८

लिहून घेतलं. फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर?

तळगाळ | सोमवार, रात्री १०:११

बाहेर. माशाला निस्तेज बाजू.